थकलेल्या खांद्याचा हिशेब

बुद्धिबळाच्या पटावरील हत्ती चाळिसाव्या खेळीसही पहिल्या खेळीइतकाच ताजा असतो. सारीपाटाची सोंगटी सगळी घरे फिरून आली म्हणून तिच्या पायांत गोळे येत नाहीत. आपल्या बहुतेक बैठ्या खेळांची हीच रीत आहे. त्यांत मरण आहे, माघार आहे, पुन्हा उठून पटावर येणेही आहे. नाही तो थकवा. खेळणाऱ्याचे डोके शिणेल, पण ज्यांस तो खेळवितो त्यांस शीण ठाऊक नाही. बैठ्या खेळांच्या गोडीचे एक कारण आमच्या मते हेच असावे. घरात व कचेरीत ज्यांच्याकडून कामे करून घ्यावयाची, त्यांच्या श्रमांचा थोडाबहुत विचार करावाच लागतो. पटापुढे बसल्यावर तेवढ्यापुरती त्यातून सुटका होते.

ही सुटका नाकारणारी बैठ्या खेळांची एक जात अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यास निपजली. ती म्हणजे फाशांवर व पत्त्यांवर, आणि पुढे संगणकावर, खेळावयाचा बेसबॉल. त्यात खेळणारा हा संघाचा व्यवस्थापक होतो, आणि त्याच्यापुढचा मोठा प्रश्न असतो तो हा, की आपला चेंडू टाकणारा गडी आता थकला की नाही, आणि थकला असेल तर त्याच्या जागी कोणास व केव्हा आणावे. असल्या परदेशी करमणुकीचा परामर्श वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाने का घ्यावा, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, दुसऱ्याचा थकवा आपल्याला कळतो कसा, हा प्रश्न मुळात वाचनाचाच आहे. आणि ज्या खेळाने तो पटावर मांडला, त्याने तो कितपत सोडविला हे पाहणे टीकाकाराच्या कक्षेबाहेरचे खास नाही.

प्रथम मूळ खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. क्रिकेटमध्ये गोलंदाज सहा चेंडूंचे षटक टाकतो आणि मग दुसऱ्या टोकाकडून दुसरा येतो. सकाळी विश्रांती दिलेल्या गोलंदाजाला कर्णधार दुपारी पुन्हा बोलावू शकतो. एकदिवसीय सामन्यात दहा आणि वीस षटकांच्या सामन्यात चार, अशी प्रत्येकाच्या षटकांची मर्यादाही नियमानेच बांधून दिलेली आहे. बेसबॉलमध्ये यांपैकी काहीच नाही. तेथे 'पिचर' उभा राहिला की तो हटेपर्यंत प्रत्येक चेंडू त्यानेच टाकावयाचा. आणि एकदा त्यास सामन्यातून काढले की त्या सामन्यात तो पुन्हा चेंडू टाकावयास येणे नाही. मैदानाच्या कडेस 'बुलपेन' नावाची एक जागा असते. बदली पिचर तेथे बसलेले असतात, आणि इशारा मिळताच चेंडू टाकून हात गरम करू लागतात. म्हणजे बदलीचा निर्णय हा परत फिरविता न येणारा निर्णय झाला. तो लवकर केला तर चांगला हात वाया जातो. उशिरा केला तर सामना जातो, आणि कधीकधी हातही जातो. १९७४ साली टॉमी जॉन ह्या पिचरच्या कोपरातील निकामी झालेला बंध डॉक्टर फ्रँक जोब यांनी शरीरातील दुसरा बंध तेथे बसवून दुरुस्त केला, आणि १९७६ पासून तो पुन्हा खेळू लागला. ती शस्त्रक्रिया आजही त्या खेळाडूच्याच नावाने ओळखली जाते. थकव्याचा हिशेब चुकला तर काय होते, ह्याची आठवण त्या नावात कायमची राहिली आहे.

आता बैठ्या खेळाकडे वळू. शाळा इंझोरीची असो की पुण्याची, मागच्या बाकावर चालणारे पुस्तकाचे क्रिकेट वाचकांपैकी पुष्कळांनी खेळलेले असेल. पुस्तक मिटावयाचे, अंदाजाने उघडावयाचे, आणि पानाच्या आकड्याचा शेवटचा अंक तेवढ्या धावा धरावयाच्या. शून्य आले की बाद. त्या वहीत फलंदाजांची नावे मोठ्या हौसेने लिहिलेली असतात. गोलंदाजाचे नाव मात्र बहुधा नसते, कारण त्याला त्या खेळात कामच नाही. चेंडू कोणी टाकीत नाही, तर थकणार कोण? मुलांचा हा निष्पाप खेळ आमच्या क्रिकेटप्रेमाचे एक चित्रच आहे, असे आम्हांस वाटते. त्याविषयी पुढे बोलू.

अमेरिकेतील ह्या खेळांत गोलंदाजाला प्रथमपासून स्थान आहे. १९५१ साली रिचर्ड साइट्झ यांनी विक्रीस काढलेल्या 'ॲपबा' ह्या खेळात प्रत्येक पिचरला त्याच्या कर्तबगारीप्रमाणे अ, ब, क, ड यांसारखी प्रत दिलेली असते. १९६१ साली हॅल रिचमन यांनी काढलेल्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' मध्ये ह्यापुढचे पाऊल पडले. तेथे तीन फासे टाकतात. त्यांपैकी एक फासा निकाल फलंदाजाच्या पत्त्यावर पाहावयाचा की पिचरच्या, हे ठरवितो. म्हणजे खेळातील अर्धे नशीब चेंडू टाकणाऱ्याच्या हाती येते. शिवाय त्या खेळाच्या प्रगत नियमांत पिचरच्या पत्त्यावर एक आकडा असतो. तितके डाव होईतो तो ताजा समजावयाचा. त्यापुढे त्याच्या चेंडूंवर ठराविक मार बसला की तो थकला असे धरतात, आणि मग त्याच्या पत्त्यावरील टिंब दिलेल्या जागा, ज्या एरवी फलंदाजास बाद करितात, त्याच फलंदाजास धाव घेऊ देतात. १९९९ साली निघालेल्या 'आउट ऑफ द पार्क' ह्या संगणकावरील खेळात तर टाकलेला प्रत्येक चेंडू मोजला जातो, मागील दिवसांचा शीण पुढच्या सामन्यात उतरतो, आणि व्यवस्थापकाला पुढच्या चार दिवसांचा विचार आज करावा लागतो.

टिंबाची ही कल्पना आम्हांस फार मार्मिक वाटते. पत्ता तोच, गडी तोच, त्याचे कसबही तेच. परंतु ज्या चेंडूवर काल बळी मिळाला असता त्याच चेंडूवर आज फटका बसतो. थकव्याचे ह्याहून चांगले वर्णन पुष्कळ कादंबऱ्यांतही आढळणार नाही. शिवाय ह्या नियमाने खेळणाऱ्याची हाव आवरली जाते. १८८४ साली चार्ल्स रॅडबर्न ह्या पिचरने एकट्याने एका हंगामात ६७८ हून अधिक डाव टाकले. थकव्याचा नियम नसता, तर पटापुढे बसलेला प्रत्येक जण आपल्या उत्तम पिचरचा रॅडबर्न करून सोडता आणि त्याच्या मनाला टोचणी म्हणून लागती ना. ज्या खेळाने हाताखालच्या माणसाला मर्यादा असते एवढे शिकविले, त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु येथेच आमचा आक्षेपही सुरू होतो. ह्या खेळांत थकवा आहे; पण तो उघडा आहे. पत्त्यावर छापलेला आकडा किंवा पडद्यावर दिसणारा शेकडा हा व्यवस्थापकास आयताच सांगून टाकतो की, अमुक गडी इतका शिणला. मैदानावर असा आकडा कोणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. तेथे थकवा लपलेला असतो, आणि बहुतेक वेळा थकणाराच तो लपवितो. तो ओळखणे हीच व्यवस्थापकाची खरी विद्या. खेळाने तिचे उत्तर प्रश्नाआधीच देऊन ठेवले आहे.

दोन प्रसिद्ध सामने उदाहरणादाखल घेऊ. १६ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्क येथे यांकी व बॉस्टन ह्या जुन्या वैऱ्यांचा निर्णायक सामना चालला होता. आठव्या डावात बॉस्टन पाच विरुद्ध दोन असे पुढे होते, आणि चेंडू पेद्रो मार्टिनेझ ह्या त्या काळच्या श्रेष्ठ पिचरच्या हाती होता. मार बसू लागला तेव्हा व्यवस्थापक ग्रेडी लिटल मैदानात गेले व त्यांनी त्यासच विचारले. पेद्रोने होकार दिला. लिटल एकटेच परत आले. थोड्याच वेळात यांकींनी बरोबरी साधली. पेद्रोचे त्या दिवशी १२३ चेंडू झाले होते. अकराव्या डावात बॉस्टन हरले, आणि पुढील हंगामास लिटल यांस त्या जागी ठेवले गेले नाही.

दुसरा प्रसंग २७ ऑक्टोबर २०२० चा. अजिंक्यपदाच्या मालिकेतील सहाव्या सामन्यात टँपा बेचा ब्लेक स्नेल लॉस एंजेलिसच्या फलंदाजांस उभे राहू देत नव्हता. संघ एका धावेने पुढे होता. सहाव्या डावात त्याच्या चेंडूंवर दुसरा फटका बसला आणि व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनी त्यास काढले. चेंडू झाले होते अवघे ७३. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले म्हणजे पिचरची धार कमी होते, हे आकडेशास्त्राचे मत त्यांच्यापुढे होते. बदली पिचर आला, त्याच डावात आघाडी गेली, आणि तीन विरुद्ध एक असा सामना हरून मालिकाही गेली.

एकाने माणसाच्या शब्दावर विसंबून राहावे आणि हरावे. दुसऱ्याने आकड्यावर विसंबून राहावे आणि त्यानेही हरावे! ह्यावरून दोन्ही निर्णय चुकले असे सिद्ध होत नाही. हरणे हा दैवाचाही भाग असतो. परंतु दोन्ही वेळी एक गोष्ट राहून गेली असे आम्हांस वाटते. पेद्रोचा 'हो' हा शब्द म्हणजे त्याच्या खांद्याचे मत नव्हते. ते त्याच्या अभिमानाचे मत होते. अशा वेळी अशा माणसास 'थकलास काय' असे विचारणे म्हणजे त्यास दुसरे उत्तर देण्याची वाट न ठेवणेच होय. ज्या घरात सणाच्या स्वयंपाकानंतर गृहिणीस 'दमलीस का गं' असे विचारून तिच्या 'नाही हो' वर सर्व मंडळी निश्चिंतपणे आडवी होतात, त्या घरास ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. आणि ७३ हा आकडा इतर शेकडो पिचरांच्या सरासरीबद्दल पुष्कळ सांगत असेल. पण त्या रात्रीच्या त्या हाताबद्दल तो थोडेच सांगतो. शब्द व आकडा ह्या दोहोंच्या पलीकडे पावलांची ठेवण, दोन चेंडूंमधील विलंब, चेहऱ्यावरील रेषा असा एक मजकूर असतो, आणि तो वाचावा लागतो.

कोणी म्हणेल, पत्त्याला चेहरा कोठून आणावा? आक्षेप रास्त आहे. पण खेळाने आकडा लपविला तरी पुष्कळ काम होईल. व्यवस्थापकास फक्त फटके, चुका व विलंब दिसावेत, आणि थकव्याचा अंदाज त्याने त्यावरून बांधावा. असे झाले तर खेळ अवघड होईल, आणि खरा होईल. पत्त्यांत माणूस पाहण्याची हौस खेळणाऱ्यास असतेच. रॉबर्ट कूव्हर यांची 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन' ही १९६८ सालची कादंबरी ह्याच विषयावर आहे. तिचा नायक हेन्री वॉ हा हिशेबनीस घरी एकटा बसून तीन फाशांवर बेसबॉलच्या संघांचे हंगामच्या हंगाम खेळतो. कागदावरच्या गड्यांस त्याने वंश दिले आहेत, स्वभाव दिले आहेत. डेमन रदरफर्ड हा त्याचा लाडका तरुण पिचर. फाशांच्या एका अघटित दानाने तो चेंडू लागून मरतो, आणि हेन्रीचा संसारच उन्मळून पडतो. पुढे ज्याच्या चेंडूने डेमन मेला, त्यास मारण्यासाठी हेन्री स्वतःच्या हाताने फासा फिरवितो.

ह्या कादंबरीचे मोल आम्हांस असे वाटते की, तिने आमच्या मागणीतील धोकाही दाखवून दिला आहे. दुसऱ्याचे मन वाचता वाचता आपलेच मन त्याच्यावर लिहिले जाते. हेन्रीला डेमनचा कळवळा आहे, पण फासे हेन्रीच्याच हाती आहेत, आणि डेमनला त्यास 'पुरे' म्हणता येत नाही. कळवळा खरा की खोटा, ह्याची कसोटी आमच्या मते येथे आहे: ज्याचा थकवा आपण वाचतो, त्यास आपले वाचन खोडून काढता येते काय?

ही कसोटी आपल्या इकडील एका थोर गोलंदाजास लावून पाहावी. पालवणकर बाळू यांनी पुण्यास युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखण्याचे काम केले. तेथे कॅप्टन ग्रेग यांस सरावासाठी ते तासन्‌तास चेंडू टाकीत. ग्रेग यांस बाद केले की आठ आणे मिळत अशी कथा आहे. बॅट हाती घेण्याची मुभा मात्र त्यांस नव्हती. पुढे पुण्याच्या हिंदूंच्या संघास त्यांच्या डाव्या हाताची गरज पडली, तेव्हा तो हात चालला. पण चहा त्यांनी मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात प्यावयाचा, कारण जातीने ते चांभार. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ विलायतेस गेला, तेव्हा बाळूंनी ११४ बळी मिळविले. आपल्या स्मरणात राहिला तो हा आकडा. ज्या माणसास आपल्याबरोबर चहा पिण्याचा अधिकार नाही, त्यास 'मी आता थकलो' असे म्हणण्याचा अधिकार कितीसा असणार? ज्याचा चेंडू हवा पण शब्द नको, त्याचा थकवा वाचण्याची तसदी कोण घेईल?

आमच्या क्रिकेटविषयक लेखनातही हा दोष थोड्या निराळ्या रूपाने टिकून आहे. एखादा गोलंदाज दिवसभर एका टोकाकडून टाकीत राहिला की 'त्याने एकट्याने खिंड लढविली' असे आम्ही लिहितो. बाजीप्रभूंचे स्मरण कोणत्या मराठी मनास प्रिय नाही? परंतु १६६० सालच्या त्या रात्रीनंतरच्या झुंजीस एक ठरलेला शेवट होता: महाराज विशाळगडी पोचल्याच्या तोफा. बाजींनी ते काम समजून, स्वतः होऊन पत्करले होते. आम्ही ती उपमा उचलतो आणि तोफा विसरतो. कर्णधाराजवळ दुसरा हात होता काय, तो का आणला नाही, हा प्रश्न त्या गौरवाच्या वाक्याखाली झाकून जातो. पुस्तकाच्या क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे नाव नसते असे आम्ही वर म्हटले. मोठ्यांच्या लेखनात नाव येते, पण बळींच्या आकड्यापुरते. २०२४-२५ च्या रणजी हंगामात आपल्या विदर्भाने करंडक जिंकला आणि हर्ष दुबे ह्याने ६९ बळी घेऊन एका हंगामातील बळींचा विक्रम केला. आम्हां वऱ्हाडकरांस त्याचा अभिमान वाटला, तो योग्यच. पण त्या बळींसाठी किती षटके पडली, किती दिवसांच्या अंतराने पडली, हे आमच्यापैकी किती जणांनी पाहिले?

ह्याचा अर्थ सर्वांस एकाच मापाने मोजून लवकर विश्रांती द्यावी असाही नाही. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णी यांनी इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली. त्यांतील २७ निर्धाव होती आणि धावा गेल्या अवघ्या ५. लागोपाठ २१ षटके निर्धाव पडली. चेंडूंच्या संख्येवर थकवा ठरविणाऱ्या कोष्टकाने त्यांस केव्हाच बाजूस बसविले असते. आखूड धाव, संथ चाल, आणि सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू पाडण्याची प्रसिद्ध सवय असा तो हात होता. प्रत्येक खांद्याचे माप निराळे, हे ज्यास कळत नाही त्याच्या हाती बुलपेन देऊन काय उपयोग?

ही विद्या आपल्या लोकांस अपरिचित आहे असे मात्र नाही. इंझोरीच्या आसपासच्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्यास विचारावे. बैल बोलत नाही, आणि त्याच्या शिंगावर आकडा छापलेला नसतो. तरी त्याची मान कोठे झुकली, पाऊल कोठे अडखळले, हे पाहून धनी तास अर्ध्यावर असताही जू सोडतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात खांदशेकणी होते. तूप-हळद घेऊन पळसाच्या पानांनी बैलाचा खांदा शेकावयाचा आणि उद्या जेवावयास यावे असे त्यास आवतण द्यावयाचे, ही ती रीत. त्यात धन्याचा स्वार्थ नाही असे कोण म्हणेल? उद्याची नांगरट त्याच खांद्यावर व्हावयाची असते. परंतु स्वार्थाने सुरू झालेली ही देखरेख वर्षानुवर्षांच्या सहवासाने आदरास पोचली, आणि तिला सणाचे रूप आले. ज्या समाजाने बैलाच्या खांद्याचे इतके बारीक वाचन केले, त्यानेच बाळूंच्या खांद्यास वेगळे भांडे द्यावे, ही विसंगती मात्र मनास बोचल्यावाचून राहत नाही.

सारांश, थकव्याला पटावर आणणारे हे खेळ बैठ्या खेळांच्या इतिहासात प्रगतीचे पाऊल आहेत असे आमचे मत आहे, आणि घरोघरी जी मुले हल्ली हातातील यंत्रावर संघ चालवितात त्यांस न थकणाऱ्या गड्यांपेक्षा थकणारे गडी मिळावेत असे आम्हांस वाटते. त्यांच्या रचनाकारांनी आता तो आकडा झाकून ठेवण्याचे धैर्य करावे. आमच्या क्रीडालेखकांनी बळींच्या शेजारी षटकेही छापावीत, आणि खिंडीची उपमा तोफांचा आवाज ऐकू येईल तेथेच वापरावी. आणि वाचकांनी संध्याकाळी घरी 'दमलात का' असा प्रश्न जेव्हा विचारावा, तेव्हा उत्तरासाठी क्षणभर अधिक थांबावे. कारण पहिल्या 'नाही' नंतर जे काही असते, तेच बहुधा खरे उत्तर असते.